दूरध्वनीची वाट आणि दूरध्वनीची वेळ : लेखांक सातवा

मागील लेखांकात व्हॉइसमेलच्या पेटीत निरोप कसा मुद्रित होतो आणि तो संबंधित माणसापर्यंत कसा पोहोचतो, याचे विवेचन आपण केले. परंतु निरोप पेटीत जाऊन पडणे ही फोनच्या प्रवासातील शेवटची अवस्था होय. तत्पूर्वी त्या फोनने कोणाकोणाच्या दाराशी जावे, प्रत्येक दाराशी किती वेळ तिष्ठावे, आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी कोणते दार उघडे समजावे, हे मुक्रर करणाऱ्या ज्या दोन तजविजी प्रत्येक व्यावसायिक दूरध्वनी-यंत्रणेत केलेल्या असतात, त्यांचा परामर्श आज घ्यावयाचा आहे. पहिलीला वाटेची तजवीज म्हणू, दुसरीला वेळेची. या दोहोंचे वर्णन सामान्यतः कचेरीच्या सोयीची साधने म्हणून केले जाते. माझे मत निराळे आहे. ज्याला फोन करावयाचा आहे त्याच्या दिनक्रमाकडे पाहून ही साधने आखली, तरच त्यांच्यावर केलेला खर्च सार्थकी लागतो. नाही तर गिऱ्हाइकाच्या वाट्याला पूर्वीचीच ताटकळ येते.

फोनला वाट दाखविण्याचे काम एके काळी माणसे करीत. १८८२ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे उघडली, तेव्हा प्रत्येक संभाषण ऑपरेटरच्या हातून जोडले जाई, आणि त्या हातावर संभाषणाचे सारे भवितव्य अवलंबून असे. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्या आल्मन स्ट्रोजर नावाच्या गृहस्थाला, आपली गिऱ्हाइके ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळविते असा संशय आला आणि त्या संशयातून त्याने ऑपरेटरशिवाय चालणारे केंद्र कल्पिले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा तपशील बाजूला ठेवला तरी १८९१ साली त्याला मिळालेले पेटंट आणि पुढल्याच वर्षी इंडियाना राज्यातील ला पोर्ट गावी सुरू झालेले स्वयंचलित केंद्र या गोष्टी इतिहासाच्या आहेत. आपल्याकडे खेड्यांपर्यंत हे स्वयंचलन पोहोचविण्याचे श्रेय मुख्यतः १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट संस्थेने घडविलेल्या, १२८ जोडण्यांच्या लहान ग्रामीण केंद्राला द्यावे लागेल. धूळ आणि उष्मा सोसणारे, वातानुकूलनावाचून चालणारे हे केंद्र १९८६ साली प्रथम कर्नाटकातील कित्तूर येथे बसले. फोन कोणाकडे वळावा हे ठरविणारा हात तेव्हापासून अदृश्य झाला आहे. म्हणूनच त्या हाताला दिलेले हुकूम काळजीपूर्वक लिहिले पाहिजेत.

उदाहरण अल्लीपूरचे घेऊ. हिंगणघाट तालुक्यातील या गावात समजा एक कृषी सेवा केंद्र आहे, त्याच मालकाचा कापूस खरेदीचा काटा आहे, आणि दोहोंच्या हिशेबासाठी एक लहानसे दप्तर आहे. येणाऱ्या फोनचे विषय तीन : बियाणे, खते व फवारणीची औषधे; कापसाचा भाव व काट्याची वेळ; आणि चुकारे. गिऱ्हाइकांना क्रमांक मात्र एकच ठाऊक आहे, आणि तो एकच असावा हेही योग्य आहे.

हा क्रमांक लागताच जे स्वागत ऐकू येते ते आखूड असावे, मराठीत असावे, आणि त्यात आधी कामाचे नाव व मागाहून आकडा यावा. ‘चुकाऱ्यासाठी तीन दाबा’ असे म्हटले म्हणजे ऐकणारा आपले काम ओळखतो आणि लगेच कानी पडलेला आकडा दाबतो. ‘तीन दाबा, चुकाऱ्यासाठी’ असे म्हटले तर काम ओळखेपर्यंत आकडा विस्मृतीत गेलेला असतो. तीन कामांना तीन आकडे आणि माणसाशी बोलण्यासाठी शून्य, एवढा पसारा पुरे. काहीच न दाबणारा मनुष्य गोंधळलेला असतो किंवा त्याचे हात चिखलाने भरलेले असतात. त्याला यादी एकदा पुन्हा ऐकवावी आणि तरीही आकडा न आल्यास फोन तोडण्याऐवजी माणसाकडे न्यावा. पुष्कळ ठिकाणी अशा वेळी ‘आपण चुकीचा पर्याय निवडला आहे’ असे ऐकवून फोन बंद करण्याची तरतूद ठेवलेली आढळते. ती तत्काळ काढून टाकावी.

आकडा दाबल्यावर घंटा कोणाकडे वाजावी, याचे दोन प्रकार आहेत. एक, त्या कामाच्या सर्व माणसांकडे एकाच वेळी. दुसरा, क्रमाने एकामागून एक. पहिल्यात उत्तर लवकर मिळते, परंतु उचलण्याची जबाबदारी नेमकी कोणाची हे ठरत नाही. दुसऱ्यात जबाबदारी स्पष्ट असते, परंतु फोन करणाऱ्याला थांबावे लागते. आपल्या देशातील घंटेचे एक आवर्तन सुमारे तीन सेकंदांचे असते, म्हणून वीस सेकंदांची मुदत म्हणजे सहा-सात घंटा झाल्या. तिघांकडे क्रमाने वीस-वीस सेकंद फोन फिरला तर पूर्ण एक मिनिट जाते, आणि भर उन्हात बांधावर उभ्या असलेल्या मनुष्याला ते मिनिट फार मोठे वाटते. माझा कल असा, की पहिल्या माणसाला पंधरा सेकंद एकट्याला द्यावीत, नंतर सर्वांची घंटा एकदम वाजवावी आणि पाऊण मिनिटाच्या आत निरोपाच्या पेटीपाशी न्यावे.

किती फोन एकाच वेळी घेता यावेत, याचे गणित डेन्मार्कच्या आग्नर एर्लांग या गणितज्ञाने गेल्या शतकाच्या आरंभी, कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करीत असताना मांडले. गर्दीच्या तासात वीस फोन येतात आणि प्रत्येक फोन सरासरी तीन मिनिटे चालतो असे धरल्यास एकूण संभाषण साठ मिनिटांचे, म्हणजे बरोबर एका तासाचे होते. त्यावरून एकच लाइन पुरेल असे वरकरणी वाटते. परंतु फोन रांगेने येत नाहीत, कसेही येतात, आणि एर्लांगच्या सूत्राप्रमाणे एका लाइनीवर निम्म्या लोकांना एंगेजचा सूर ऐकावा लागतो, दोन लाइनींवर शंभरांपैकी वीस जणांना, तीन असता सुमारे सहा जणांना आणि चार असता दीड-दोघांना. खरेदीच्या हंगामात चौथी लाइन घ्यावी की नाही, हा प्रश्न या आकड्यांनी सुटतो. अंदाजावर सोडण्याचे कारण उरत नाही.

दुकानातील माणूस बाहेर गेला असता फोन त्याच्या मोबाइलवर वळविण्याची सोय फार लोकप्रिय आहे आणि तिच्यात दोन दोष दडलेले आहेत. त्या मोबाइलवर त्याची स्वतःची निरोपपेटी चालू असली, तर तिने फोन उचलला म्हणजे आपल्या यंत्रणेच्या लेखी तो माणसानेच उचलला. मग दुकानाचा निरोप एका खासगी पेटीत जाऊन पडतो आणि कोणालाही सापडत नाही. यावर उपाय म्हणजे मोबाइलवर फोन घेणाऱ्याने एक आकडा दाबल्याखेरीज संभाषण जोडू नये, अशी तरतूद करणे. बहुतेक यंत्रणांत ती उपलब्ध असते. दुसरा दोष चक्राचा. काट्यावरच्या माणसाने आपला फोन दप्तराकडे वळविला आणि दप्तराने काट्याकडे, म्हणजे फोन दोहोंमध्ये फिरत राहतो. प्रत्येक वाट काही टप्प्यांनंतर निश्चितपणे संपली पाहिजे. पाटाच्या पाण्याला शेवटचे वाफे नेमून दिले नाहीत तर ते जसे वाटेतच जिरते, तशीच गत या फोनची होते.

‘मिस कॉल’ ही तर आपल्या देशात रूढ झालेली रीत आहे. दोन घंटा देऊन फोन ठेवणाऱ्याचा अर्थ ‘मला उलट फोन करा’ असा असतो; यंत्र मात्र पहिल्याच घंटेला फोन उचलते आणि फोन करणाऱ्याचे पैसे कापले जाऊ शकतात. म्हणून एक स्वतंत्र क्रमांक केवळ मिस कॉलसाठी राखून, आलेल्या क्रमांकांची नोंद करून दिवसातून दोनदा उलट फोन करण्याची पद्धत ठेवावी.

आता वेळेकडे वळू. आणि माझ्या मते सर्वांत अधिक हयगय याच बाबतीत होते. दहा ते सहा ही कचेरीची वेळ आहे, शेतकऱ्याची नव्हे. शेतीपंपांना थ्री-फेज वीज पुष्कळ ठिकाणी आळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळते, आणि ज्या आठवड्यात लाइन रात्रीची असते त्या आठवड्यात ओलितासाठी जागलेला मनुष्य पहाटे घरी येऊन झोपतो व दुपारनंतर बाजाराच्या कामाला लागतो. पेरणीच्या दिवसांत तो सूर्योदयापूर्वीच निघालेला असतो. किसान कॉल सेंटरची योजना २१ जानेवारी २००४ रोजी सुरू झाली, आणि तिची वेळ सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत व आठवड्याचे सातही दिवस अशी ठेवलेली आहे. १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर आजही कृषी पदवीधर सल्लागार शेतकऱ्याच्या भाषेत बोलतात, आणि त्यांना न सुटणारा प्रश्न वरच्या पायरीवरील तज्ज्ञाकडे जातो. वाट व वेळ या दोन्ही तजविजी फोन करणाऱ्याकडे पाहून आखल्याचे हे उत्तम उदाहरण आहे. अल्लीपूरच्या दुकानाला सोळा तास माणूस बसविणे परवडणार नाही हे खरे; परंतु सकाळी सात ते नऊ आणि सायंकाळी सहा ते आठ या वेळा राखून दुपारी एक ते चार निरोपपेटी ठेवणे त्याला सहज जमेल, आणि त्याचे तास फारसे वाढणारही नाहीत.

वेळ ठरली की ती जाहीर करावी. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी गांधीजींशी संपर्क राहावा म्हणून सेवाग्राम आश्रमात दूरध्वनी बसविला होता, आणि सोमवारी मौन पाळण्याचा गांधीजींचा नियम तर सर्वश्रुत होता. त्यांच्याशी ज्यांना काम असे ते त्या नियमाप्रमाणे आपली कामे लावून घेत. आगाऊ ठाऊक असलेले बंधन कोणालाही अवमानकारक वाटत नाही. उचलला न जाणारा फोन तसा वाटतो.

यंत्रणा नियमांची यादी वरून खाली वाचते आणि जो पहिला लागू पडेल तो पाळते. पुढचे वाचतही नाही. म्हणून सुट्ट्या सर्वांत वर, त्याखाली हंगामाची वेळापत्रके, त्याखाली साप्ताहिक वेळापत्रक, आणि तळाशी कोणतीही अट नसलेला एक नियम, की ज्याला काहीच लागू पडले नाही त्या फोनने निरोपपेटीकडे जावे. हा तळचा नियम नसला तर दोन वेळांच्या मधल्या फटीत पडलेला फोन नाहीसा होतो. रात्री दहा ते सकाळी सहा असा मध्यरात्र ओलांडणारा काळ कित्येक यंत्रणांना समजत नाही. त्याचे दहा ते बारा आणि बारा ते सहा असे दोन भाग करावे लागतात, आणि शनिवारच्या रात्रीचा एक वाजला म्हणजे यंत्राच्या दृष्टीने रविवार उजाडलेला असतो, याचे भान ठेवावे लागते. यंत्राचे घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर राहिले तर साडेपाच तासांचा फरक पडून सकाळी सातला उघडणारे दुकान साडेबाराला उघडते, आणि रात्री दीडपर्यंत कोणाच्या तरी उशाशी घंटा वाजत राहते.

सुट्ट्यांच्या यादीत आपल्या पंचांगामुळे एक विशेष अडचण येते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट या तारखा एकदा लिहिल्या की दरवर्षी आपोआप लागू होतात. पोळा तसा नाही. तो श्रावणी अमावास्येला येतो, आणि इंग्रजी तारखेने पाहिले तर २०२३ साली, अधिक श्रावणामुळे, १४ सप्टेंबरला, २०२४ साली २ सप्टेंबरला आणि २०२५ साली २२ ऑगस्टला आला. यंत्राला तिथी कळत नाही. मागील वर्षीची तारीख तशीच राहिली तर ऐन फवारणीच्या दिवसात दुकान बंद असल्याचा निरोप गावभर ऐकविला जातो आणि खुद्द पोळ्याच्या दिवशी रिकाम्या दुकानात घंटा वाजते. तिथीप्रमाणे येणाऱ्या सणांच्या तारखा नवीन दिनदर्शिका हाती येताच कोणी एका नेमलेल्या माणसाने भराव्यात, आणि भरल्याची सही रोजकीर्दीत करावी. तान्हा पोळा, लक्ष्मीपूजन, अक्षय्य तृतीया यांनाही हाच नियम.

दुकान बंद असतानाच्या निरोपात केवळ ‘आम्ही उपलब्ध नाही’ एवढेच सांगणे पुरेसे नाही. २०१७ च्या फवारणी हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. जो दुकानदार ही औषधे विकतो, त्याच्या रात्रीच्या निरोपातील पहिले वाक्य विषबाधेसंबंधी असावे : रुग्णाला फवारणीपासून दूर न्या, औषधाचा डबा सोबत ठेवा आणि १०८ वर फोन करा. मग दुकान किती वाजता उघडेल ते सांगावे आणि शेवटी निरोप ठेवण्यास सांगावे. या क्रमाबाबत मी अत्यंत आग्रही आहे.

ठेवलेला निरोप कोणी, किती वाजेपर्यंत ऐकावयाचा, हेही वेळापत्रकाचेच अंग होय. दुपारच्या पेटीतील निरोप सायंकाळी सहाच्या आत, रात्रीचे सकाळी आठच्या आत, आणि तसे न झाल्यास मालकाच्या मोबाइलवर सूचना, अशी मुदत यंत्रणेतच घालता येते.

सारे नियम भरून झाल्यावर बाहेरच्या मोबाइलवरून स्वतः फोन करून पाहावे : पहाटे, भर दुपारी, आठ वाजण्याच्या एक मिनिट आधी आणि एक मिनिट नंतर, सुट्टीच्या दिवशी, काहीही न दाबता, आणि सर्व माणसे मुद्दाम बोलण्यात गुंतवून ठेवून. ज्याने नियम लिहिले त्याने ही परीक्षा एकट्याने घेऊ नये. ज्याला त्यातले काहीच ठाऊक नाही अशा घरच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला, आजीला किंवा काकांना, फोन करावयास सांगावे आणि ते कुठे अडतात ते शेजारी बसून, मध्ये न बोलता लिहून घ्यावे. मुद्रित निरोप किती दिवस जपावे आणि ते ऐकण्याचा अधिकार कोणाला असावा, हा विषय पुढील लेखांकात घेऊ.