पडद्याची भाषा, ज्याची त्याची

नेटफ्लिक्स भारतात आलं जानेवारी २०१६मध्ये. पण चित्रपट कुठल्याही भाषेतला असो, तो ज्या चौकटीत दिसायचा ती चौकट इंग्रजीच होती. खातं उघडणं, पैसे भरणं, हवं ते शोधणं, पुढचा भाग लावणं, सगळं इंग्रजीतून. ही चौकट हिंदीत यायला ऑगस्ट २०२० उजाडला, आणि तेव्हाही मराठी तिथल्या भाषांच्या यादीत नव्हती.

यूट्यूबचं तसं नाही. तिथे मराठीची सोय आहे, फुकट आहे आणि दोन मिनिटांत होण्यासारखी आहे. अडचण वेगळीच आहे. भाषा बदलायची सोय सेटिंग्जमध्ये असते आणि तिथे पोहोचेपर्यंतच्या सगळ्या पाट्या इंग्रजी असतात. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याच्यासाठी ही सोय केली, पण तिथवर पोहोचायला इंग्रजीच यावं लागतं. म्हणून घरात ज्याला हे जमतं त्याने ते दुसऱ्यासाठी करून द्यायला हवं.

मोबाइलवर यूट्यूब उघडून खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या चित्रावर बोट टेकवायचं, वरचं दातेरी चाकाचं चिन्ह दाबायचं, ‘जनरल’मध्ये जायचं आणि ‘ॲप लँग्वेज’मधून मराठी निवडायची. संगणकावर ही सोय वरच्या कोपऱ्यातल्या चित्राखालीच मिळते. तिच्या जवळच ‘लोकेशन’ असतं, आणि त्या दोहोंची गल्लत करू नये. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला ठिकाण अमेरिका ठेवूनही सगळी बटणं मराठीत वाचता येतात.

नेटफ्लिक्सवर भाषा खात्याला नाही, प्रोफाइलला चिकटलेली असते. एका खात्यावर पाच प्रोफाइल करता येतात. म्हणजे एकाच टीव्हीवर आजोबांचा पडदा हिंदीत आणि नातीचा इंग्रजीत राहू शकतो, आणि कुणी कुणाची मांडणी बिघडवत नाही. एकत्र राहणाऱ्या घरांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. तरीही पुष्कळ घरांत सगळे एकाच प्रोफाइलवरून पाहतात, आणि ज्याच्या हातात आधी रिमोट पडला त्याची भाषा सगळ्यांना चालवून घ्यावी लागते.

मग हमखास प्रश्न येतो: भाषा बदलली, तरी पात्रं तीच भाषा का बोलतात? कारण पडद्याची भाषा, आवाजाची भाषा आणि सबटायटलची भाषा या तीन वेगळ्या कळा आहेत. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा मराठी चित्रपट एप्रिल २०२१मध्ये नेटफ्लिक्सवर आला. प्रोफाइल कोरियन भाषेत ठेवलं तरी त्यातला नायक शरद नेरुळकर मूळ आवाजात मराठीच बोलणार. उलट २०२३च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमाने मराठी समालोचन दिलं, तेव्हा ते ऐकण्यासाठी सामन्यापुरता आवाज बदलणं पुरेसं होतं. झी५वर तर चौथी कळही भेटते: बटणांची भाषा आणि कोणत्या भाषेतले कार्यक्रम सुचवावेत ती भाषा, दोन्ही वेगवेगळ्या ठरवता येतात. नेटफ्लिक्सच्या टीव्ही ॲपमध्ये आवाज आणि सबटायटलच्या काही मोजक्याच भाषा समोर यायच्या. एप्रिल २०२५मध्ये जाहीर झालेल्या बदलानंतर त्या कार्यक्रमासाठी उपलब्ध असलेली सगळी यादी टीव्हीवरही दिसू लागली.

मराठी निवडल्यावरही मधूनच इंग्रजी डोकावतं, त्याचं कारण ॲपच्या घडणीत आहे. पडद्यावरच्या प्रत्येक वाक्याला एक खूण दिलेली असते आणि त्या खुणेसमोरची वाक्यं भाषेगणिक वेगळ्या फायलींत भरलेली असतात. भाषा बदलली की ॲप दुसरी फाइल वाचतं. नवं बटण आलं आणि त्याचं मराठी अजून भरलेलं नसलं, तर मूळ इंग्रजी वाक्य उचललं जातं. व्हिडिओचं शीर्षक मात्र या फायलींत नसतंच. ते टाकणाऱ्याचं असतं, आणि प्रेक्षकांच्या प्रतिक्रियाही ज्या भाषेत लिहिल्या त्याच भाषेत राहतात.

खरी कसोटी व्याकरणाची. इंग्रजी वाक्यात एक रिकामी जागा सोडली की तिथे कोणतंही नाव बसतं. मराठीत चित्रपट यादीत जोडला जातो, मालिका जोडली जाते, गाणं जोडलं जातं. नाव बदललं की क्रियापदाला हलावं लागतं. ॲपला मात्र रिकाम्या जागेत काय येऊन पडणार हे आधी माहीत नसतं. म्हणून अनुवाद करणाऱ्यांना क्रियापद टाळून किंवा सगळ्यांना चालेल असं आखडलेलं रूप वापरून वाक्य रचावं लागतं. मराठी बटणं परकी वाटतात अशी तक्रार नेहमी होते आणि ती खरीही आहे, पण त्या वाक्यांमागे किती अवघड तडजोड असते हेही लक्षात घ्यायला हवं. अक्षरांचंही तसंच. रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या बटणात रफार, वेलांट्या आणि उकार कापले जातात, आणि टंकात मराठी वळण दिलेलं नसेल तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात.

ॲपमध्ये सोय सापडली नाही तर फोनच्या सेटिंग्ज पाहाव्यात. अँड्रॉइड १३पासून, म्हणजे २०२२पासून, बाकीचा फोन इंग्रजीत ठेवून एखाद्याच ॲपची भाषा तिथून बदलता येते. ॲप बनवणाऱ्याने मात्र ती मुभा दिलेली असावी लागते. आयफोनवर ही सोय २०१९च्या आयओएस १३पासून आहे, तर सबंध फोन मराठीत करण्याची सोय २०२५मध्ये आयओएस १८.४सोबत आली.

चुकून अनोळखी भाषा निवडली गेली तरी घाबरायचं कारण नाही. दातेरी चाक सगळ्या भाषांत दातेरी चाकच असतं, आणि भाषांच्या यादीत बहुतेक ठिकाणी प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत दिलेलं असतं.

दुसऱ्यासाठी हे करून देताना आधी विचारावं मात्र जरूर. कित्येक ज्येष्ठांनी इंग्रजी बटणं चिन्हांवरून आणि जागेवरून लक्षात ठेवलेली असतात, आणि एका रात्रीत सगळं मराठी झालं तर त्यांचाच गोंधळ उडतो. बटणांच्या जागा बदलत नाहीत हे त्यांना एकदा शेजारी बसून दाखवावं, आणि नको वाटलं तर परत कसं जायचं तेही त्यांच्याच हातून करून घ्यावं.