आकारिक प्रतिमान भाषेतील इंटरफेस व घटना : ‘इव्हेंट-बी’च्या संदर्भात

प्रस्तावना :
४ जून १९९६ रोजी एरियान-५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. एरियान-४ मधून घेतलेल्या आज्ञावलीत ६४-बिट संख्येचे १६-बिट पूर्णांकात रूपांतर होत असे. नव्या बाणाचा क्षैतिज वेग अधिक असल्याने ती संख्या १६ बिटांत मावली नाही. मूल्याची मर्यादा हे इंटरफेसमधील गृहीतक होते; मात्र ते विनिर्देशनात स्पष्टपणे नोंदवलेले नव्हते. अशी गृहीतके गणिती भाषेत कशी मांडावीत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना :
झाँ-रेमाँ अब्रियाल यांनी ‘बी’ पद्धतीनंतर ‘इव्हेंट-बी’ विकसित केली. तीत प्रणालीची स्थिती चलांनी दर्शवितात. घटनेचे मुख्य भाग दोन : घटना केव्हा घडू शकते हे सांगणारी पूर्वअट आणि स्थिती बदलणारी क्रिया. सदैव सत्य राहिले पाहिजे असे विधान म्हणजे अचल विधान. प्रत्येक घटनेनंतर ते टिकते, हे सिद्ध करावे लागते.

उदाहरण :
रेल्वे फाटकाचा विचार करू. पहिले अचल विधान : गाडी फाटकावर असेल तर फाटक बंद असते. ‘गाडीचा प्रवेश’ या घटनेची पूर्वअट ‘सिग्नल हिरवा’ एवढीच आहे, कारण चालकास फाटक नव्हे, सिग्नल कळतो. म्हणून दुसरे अचल विधान आवश्यक ठरते : सिग्नल हिरवा असेल तर फाटक बंद असते. हाच सिग्नल व गाडी यांमधील इंटरफेसचा करार होय.

आता ‘फाटक उघडणे’ या घटनेची पूर्वअट केवळ ‘गाडी नाही’ अशी ठेवल्यास पहिले विधान टिकते. परंतु सिग्नल हिरवा असताना फाटक उघडू शकते व दुसरे विधान भंगते. सिद्धता अडते आणि ‘सिग्नल लाल’ ही राहून गेलेली अट उघड होते. आज्ञावलीची एकही ओळ लिहिण्यापूर्वी दोष सापडतो.

मर्यादा व समारोप :
लाल सिग्नल असता गाडी थांबते, हे येथे गृहीत धरले आहे. ते असत्य ठरल्यास सिद्धता निरुपयोगी होते. म्हणून गृहीतकांची स्वतंत्र नोंद अनिवार्य आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या पॅरिस मेट्रोच्या चालकरहित १४ क्रमांकाच्या मार्गासाठी सुरक्षाविषयक आज्ञावली ‘बी’ पद्धतीने विकसित झाली होती. ‘इव्हेंट-बी’साठीचे ‘रोडिन’ हे साधन विनामूल्य उपलब्ध आहे. संगणकशास्त्राच्या पदवी वर्गात आज्ञावलीलेखनाबरोबरच विनिर्देशनाचेही अध्यापन व्हावे, असे यावरून म्हणता येईल.