तंजावूरचे बंदर

तंजावूर नगर समुद्रापासून दूर आहे. तथापि तेथील राजवाड्याचा इतिहास सुमारे १०० किलोमीटरवरील तरंगंबाडी बंदरावाचून पुरता उलगडत नाही.

इ. स. १६२० मध्ये रघुनाथ नायकाने हे गाव वार्षिक खंडणीच्या कराराने डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना दिले. त्यांनी तेथे डान्सबोर्ग किल्ला बांधला. याच डॅनिश सत्तेने पुढे पश्चिम आफ्रिकेत आक्रा येथे ख्रिश्चन्सबोर्ग उभारला. आक्रा येथील तो किल्ला गुलामांच्या व्यापाराने कुप्रसिद्ध झाला. तरंगंबाडीचे नाव मात्र राहिले ते मुख्यतः छापखान्यामुळे. १७०६ मध्ये आलेल्या त्सीगेनबाल्ग या जर्मन धर्मोपदेशकाने तमिळ आत्मसात केली आणि काही वर्षांतच येथे तमिळ ग्रंथ छापले जाऊ लागले.

तोवर तंजावूरला व्यंकोजीराजांचे भोसले घराणे नांदत होते. १७५० मध्ये तरंगंबाडीस उतरलेले श्वार्ट्‌झ पुढे तुळजाराजांच्या विश्वासातले झाले. राजांनी १७८७ मध्ये आपला दत्तक पुत्र सरफोजी त्यांच्या हवाली केला. बंदरातून आलेली विद्या अशा रीतीने राजवाड्यात पोहोचली.

१७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. पण पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. हाती उरलेल्या उत्पन्नातून या राजाने ग्रंथ जमवले. संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी पोथ्यांशेजारी युरोपीय वैद्यक व विज्ञानाची पुस्तके आली. १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना निघाला, आणि तेथे इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. मुंबई-पुण्यास मराठी मुद्रण रुजण्याआधीची ही गोष्ट!

१८४५ मध्ये डेन्मार्कने तरंगंबाडी इंग्रजांस विकली. १८५५ मध्ये वारसाअभावी तंजावूरचे राज्यही खालसा झाले. बंदराचा व्यापार ओसरला. ग्रंथसंग्रह मात्र टिकला, आणि १९१८ पासून सरस्वती महाल ग्रंथालय सर्वांस खुले झाले.

येथील दप्तरात मोडी कागदांचे शेकडो रुमाल आहेत. त्यांत राजवाड्याचा जमाखर्च, देवस्थानांची व्यवस्था, वैद्यांचे प्रयोग असा दैनंदिन इतिहास साठला आहे. मोडी वाचणारे मात्र पिढीगणिक विरळ होत आहेत. सरफोजींनी कागद जपले. ते वाचते ठेवणे हे आता मराठी जाणणाऱ्यांचे काम आहे.