कामगार, कायदा आणि मतदान (भाग ५) : दोन फोटो आणि ९८५ मतं

ब्रेमेन आणि टेंपल ही अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातली लहान गावं. सेवेल मॅन्युफॅक्चरिंग या कपडे शिवणाऱ्या कंपनीचे कारखाने तिथे होते. १९६१ साली अमॅलगमेटेड क्लोदिंग वर्कर्स ही युनियन हवी की नको, हे कामगारांना मतदानाने ठरवायचं होतं. दोनेक आठवडे उरले असताना कंपनीने कामगारांना टपालाने फोटो धाडले. एकात कृष्णवर्णीय पुरुष आणि गोरी स्त्री बिलगून नाचताहेत. दुसरा मिसिसिपीतल्या वर्तमानपत्राच्या १९५७ मधल्या कात्रणातला. त्यात गोरे कामगारपुढारी जेम्स कॅरी कृष्णवर्णीय स्त्रीसोबत नाचताहेत. कॅरी अध्यक्ष होते इलेक्ट्रिकल कामगारांच्या संघटनेचे. सेवेलच्या मतदानाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता! पण वंशभेद कायद्यातच मुरलेल्या दक्षिणेत या फोटोंचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

निकाल : युनियनच्या बाजूने ३३१, विरोधात ९८५.

युनियनने राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाकडे दाद मागितली. पेच असा होता, की १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्यानुसार धमकी किंवा आमिष नसेल, तर मालकाचं बोलणं अनुचित कामगार प्रथा ठरत नाही. मात्र मतदान रद्द करायला तेवढा दोष सिद्ध व्हावाच लागतो असं नाही. मतदान प्रयोगशाळेइतक्या निकोप वातावरणात व्हावं, हा निकष मंडळाने १९४८ मध्येच घालून दिला होता. त्याच आधारावर ऑगस्ट १९६२ मध्ये सेवेलचं मतदान रद्द झालं.

वंशाचा उल्लेखच नको, असं मात्र मंडळ म्हणालं नाही. वंशाच्या प्रश्नावर युनियनची भूमिका काय, हे जाणून घेण्याचा कामगारांना हक्क आहे. पण जे सांगाल ते खरं हवं, मतदानाच्या विषयाशी निगडित हवं आणि द्वेष भडकवण्यासाठी नको. हे सिद्ध करण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर. शंका उरली तर निर्णय त्याच्याच विरोधात. व्हर्जिनियातल्या ॲलन-मॉरिसन कंपनीचं याच विषयावरचं पत्र संयत होतं, म्हणून तिथलं मतदान त्याच सुमारास कायम राहिलं. संयत आणि खरं विधानसुद्धा पूर्वग्रहाला खतपाणी घालतं, हे मंडळाने स्वतःच कबूल केलं होतं. थोडक्यात, मालकाने सभ्य शब्द निवडले की वाट मोकळी.

पुढे उलट बाजूचा प्रश्न आला. बाल्टिमोर लगेज कंपनीत युनियनने कृष्णवर्णीय कामगारांना नागरी हक्क चळवळीचा दाखला देत एकजुटीचं आवाहन केलं आणि ती जिंकली. कंपनीने सेवेलच्याच निकालाचं हत्यार उपसलं, पण १९६७ मध्ये मंडळ आणि अपील न्यायालय दोघांनीही ते परतवलं. आपल्या माणसांना हक्कांसाठी एकत्र बोलावणं आणि दुसऱ्यांविषयी द्वेष पेटवणं यांतला फरक त्यांनी ओळखला, हे योग्यच झालं. युनियनला सरसकट मोकळीक मात्र मिळाली नाही. जॉर्जियातल्या वायकेके या जपानी झिप कंपनीत जपान्यांविषयी अपमानास्पद प्रचार झाला, तेव्हा १९८४ मध्ये मंडळाने युनियनचा विजय रद्द केला.

या नियमाचा खरा दुबळेपणा शिक्षेत आहे. त्यात दंड नाही, तुरुंग नाही. फक्त मतदान पुन्हा घ्यायचं. आणि कामगारांच्या घरी पोचलेले फोटो मंडळाला परत मागवता येत नाहीत.

(पुढील भागात : मतदानाआधीचे शेवटचे चोवीस तास)