सायकल घ्यावी ती कानाने

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे गाणे शिकावयास येणारी एक मुलगी सायकल हाताने ओढीत, रडवेल्या चेहऱ्याने दारात आली. सायकल जेमतेम तीन आठवड्यांची. डाव्या पायडलचा दांडा सैल होऊन भर रस्त्यात निसटला आणि पोरीचा गुडघा फुटला. वडिलांनी घासाघीस करून दोनशे रुपये वाचविले होते, त्याचे त्यांना कोण कौतुक!

दोष सायकलीचा नव्हता, जोडणीचा होता. कारखान्यातून सायकल अर्धवट जोडलेली येते. लुधियानाचा तोच माल आपल्या बडोद्यात रावपुऱ्यात घ्या की मांडवीत घ्या, फरक पडतो तो मिस्त्रीच्या हाताचा. चाक सरळ करणे, छर्रे बेताने कसणे, दांड्याची पिन ठोकून पक्की करणे ही सारी त्याची कामे. म्हणून भाव विचारण्याआधी जोडणार कोण, हे विचारावे; आणि शक्य तर समोर बसून जोडून घ्यावी.

मग पैसे मोजण्यापूर्वी परीक्षा. चाक उचलून फिरवावे. रिम आणि ब्रेकचे रबर यांतील अंतर सर्वत्र सारखे राहिले पाहिजे. चाक आडवे हलवून खडखडले तर आस सैल. अडखळत फिरले तर फाजील कसलेला. चेन मधोमध सुमारे अर्धा इंच वरखाली व्हावी. मधल्या दांडीवर उभे राहिले असता दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत. वाढते अंग म्हणून मुलांना मोठी सायकल घेऊ नये. सदरा सैल चालतो, सायकल नाही.

आता कानाचे काम. पुढल्या चाकाच्या तारा एकेक करून बोटाने छेडाव्यात. एका बाजूच्या साऱ्या तारा जवळजवळ एका स्वरात बोलल्या पाहिजेत. एखादी बसक्या आवाजात बोलली तर ती सैल समजावी. तिचा भार शेजारणींवर पडतो आणि पुढे त्याच तुटतात. मागल्या चाकात मात्र फ्रीव्हीलच्या बाजूच्या तारा अधिक ताणलेल्या, म्हणून चढ्या बोलतात. तो दोष नव्हे.

घासाघीस करावयाची तर ती किमतीपेक्षा सोबतच्या गोष्टींसाठी करावी. कॅरिअर, स्टँड, घंटी, कुलूप भावातच धरून घ्यावे. नव्या तारा आणि पिना पहिल्या काही दिवसांत जागेवर बसतात व सैलावतात; तेव्हा महिन्याभराने एकदा फुकट कसून देण्याचा शब्द घ्यावा, आणि फ्रेमचा नंबर बिलावर लिहून घ्यावा.

त्या मुलीची सायकल अखेर आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी सगळी उकलून पुन्हा जोडली. पैसे देताना तिचे वडील म्हणाले, "मास्तर, हे दोनशे आधीच दिले असते तर पोरीचा गुडघा तरी वाचला असता!"