नातवाला पढवू नका

माझ्या एक जुन्या रुग्ण आजी गेल्या महिन्यात आल्या, तेव्हा त्यांचा रक्तदाब बराच वाढलेला होता. मुलगा-सून विभक्त, सात वर्षांच्या नातवाच्या ताब्याचा दावा न्यायालयात. “डॉक्टर, सूनबाईला मूल सांभाळणं जमत नाही, एवढं लिहून द्या.”

मी नकार दिला. जिला मी तपासलेच नाही, तिच्याविषयी काय लिहिणार?

कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १२ नुसार न्यायालय वैद्यकीय वा कुटुंबकल्याणाच्या तज्ज्ञाचे साहाय्य घेऊ शकते. असा तटस्थ मानसतज्ज्ञ आई, वडील व मूल यांना स्वतंत्रपणे भेटतो. मुलाचे प्रत्येकाशी असलेले वागणे पाहतो. तो उपचार करण्यासाठी नसतो. त्याला सांगितलेले अहवालात येऊ शकते. निर्णय न्यायाधीशांचाच असतो आणि त्यात मुलाचे हित सर्वोपरी मानले जाते.

म्हणून ज्येष्ठांनी नातवंडांना उत्तरे पाठ करून देऊ नयेत. आई-वडिलांपैकी एकाविरुद्ध बोलल्याचे ओझे ते कोवळे मन दीर्घकाळ वाहते. मारहाण खरोखरच होत असेल, तर मोठ्यांनी ती वकिलामार्फत न्यायालयास अवश्य कळवावी. मुलाची झोप, जेवण, शाळा यांची घडी मोडू देऊ नये; स्वतःची औषधेही चुकवू नयेत.

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आई मारते म्हणून सांग, असं मी त्याला कालच शिकवलं.”

“खरोखर मारते?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. “आज त्याला सांगते, खरं तेच बोल. आजी रागावणार नाही.”