पाळणा हलण्याआधी

बेंगळुरूत व्हाइटफिल्ड, इलेक्ट्रॉनिक सिटी भागातली तरुण मराठी जोडपी भेटली की बाळाच्या तयारीची यादी ऐकवतात. पाळणा, दुपटी, हॉस्पिटलचं पॅकेज. यादी ठीकच आहे. पण फौजेत सामानाच्या आधी एक प्रश्न असतो : कोणतं काम, कोण करणार आणि किती दिवस? आज तोच प्रश्न आईबाप होण्याला लावून बघू.

पहिली गोष्ट, माणूसबळ. २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी आईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. केंद्र सरकारी नोकरीत वडिलांना १५ दिवस. खासगी नोकरीत वडिलांची रजा कंपनीच्या मर्जीवर, म्हणून ती आत्ताच विचारून ठेवा. आजी कोल्हापूरहून किंवा बेळगावहून येईल, दोन-तीन महिने राहील. ती परत गेल्यावर रात्री दोन वाजता कोण उठणार? हे कॅलेंडर समोर ठेवून ठरवा. 'बघू तेव्हाचं तेव्हा' म्हटलं की सगळा भार आईवर पडतो.

दुसरी गोष्ट, आईचं मन. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं, चिडचिड होणं नेहमीचं आहे. पण उदासी दोन आठवड्यांच्या पुढे गेली, झोप उडाली, बाळाबद्दल काहीच वाटेना झालं, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. आपल्या याच शहरात निम्हान्समध्ये आई आणि बाळाला एकत्र दाखल करून घेणारा विभाग आहे. 'आमच्या वेळी नव्हतं असलं काही' हे वाक्य घरातल्या वडीलधाऱ्यांनी कृपया गिळावं. तेव्हाही होतं, फक्त त्याला नाव नव्हतं.

तिसरी गोष्ट, वळण कसं लावायचं. डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात पालकांच्या तीन पद्धती मांडल्या. १९८३ मध्ये इतर दोन संशोधकांनी त्यात चौथीची भर घातली. समजा, चार वर्षांचं मूल रात्री नऊ वाजता मोबाइलसाठी हट्ट करतंय.

हुकमी पालक : 'नाही म्हणजे नाही, का ते विचारू नकोस.'
लाडावणारे पालक : 'घे बाबा, पण रडू नकोस.'
दुर्लक्ष करणारे पालक : हट्ट कानावरच जात नाही.
ठाम आणि मायाळू पालक : 'तुला बघायचंय, कळतंय मला. पण आता झोपायची वेळ. चल, गोष्ट सांगतो.' आणि मूल रडलं तरी मोबाइल मिळत नाही.

यात चौथी पद्धत मुलांना सर्वांत मानवते, असं बहुतेक अभ्यास सांगतात. लोकांना वाटतं, फौजी माणूस पहिली पद्धत सांगेल. पण चांगला अधिकारी कामगिरीवर निघण्याआधी जवानांना हेतू समजावतो. कारण कळलेला माणूस अधिकारी समोर नसतानाही नीट वागतो. मुलांचंही तेच.

आठवा 'श्यामची आई'. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई मारून बाहेर काढते आणि नंतर त्याच्या अंगावरचे वळ बघून रडते. मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ. तिचा ठामपणा घ्यावा, मायाही घ्यावी. छडी मात्र घेऊ नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतसुद्धा मारायला मनाई केली आहे, मग घरात ती कशाला?

आता एक काम. या रविवारी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा : माझ्या आईबाबांचं काय पुढे न्यायचं, काय इथेच थांबवायचं. मग कागद बदलून वाचा. जिथे जमत नाही, तिथे आत्ताच बोला. मुलासमोर एकाने 'हो' आणि दुसऱ्याने 'नाही' म्हटलं, की मूल दोघांमधली फट लगेच ओळखतं. बाळ यायला अजून काही महिने आहेत. तेवढा वेळ पुरेसा आहे.